मतपेटीतून निघालेली ट्राम

फ्रान्सच्या पूर्व सरहद्दीवर, ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेल्या स्ट्रासबूर या पुरातन नगरात १९८९ च्या मार्चमध्ये नगरपरिषदेची जी निवडणूक झाली, तिच्यात सभांतून, पत्रकांतून आणि व्यापाऱ्यांच्या बैठकांतून एक प्रश्न असा काही गाजला की परक्या प्रवाशाला त्याचे नवल वाटावे. १८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत ज्या शहराने फ्रान्स आणि जर्मनी यांच्यामध्ये चार वेळा हस्तांतर सोसले, त्या शहराला भांडावयास विषयांचा तोटा नव्हता. तथापि त्या वसंतात तेथील नागरिक हिरिरीने वाद घालीत होते तो शहराची नवी वाहतूक भुयारातून न्यावी की रस्त्यावरून, याविषयी. वरवर पाहता हा स्थापत्यविशारदांनी नकाशे पसरून सोडवावयाचा प्रश्न. सामान्य मतदाराला त्यात काय कळणार, असे कोणीही म्हणेल. मतदाराला मात्र त्यातले मर्म नेमके उमगले होते. भुयारी गाडी आली तर वरचा रस्ता पूर्ववत मोटारींच्या ताब्यात राहणार होता, आणि ट्राम आली तर तो त्यांच्याकडून काढून घेतला जाणार होता.

ट्राम स्ट्रासबूरला नवीन नव्हती. १८७८ पासून ती तेथे धावत होती आणि १९६० साली, रस्ता अडविणारी जुनाट अडगळ म्हणून, ती मोडीत काढण्यात आली होती. तो काळच ट्रामच्या मुळावर आलेला होता. आपल्या मुंबईची ट्रामदेखील १९६४ च्या ३१ मार्चला शेवटची फेरी करून थांबली, ती याच विचाराच्या लाटेत. फ्रान्समध्ये तर लील, मार्सेय आणि सेंत-एत्येन या तीन शहरांतील तुरळक मार्ग वगळता जवळजवळ सर्वत्र रूळ उखडले गेले, अथवा डांबराखाली गाडले गेले. पुढे १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले, मोटारींनी तुंबलेल्या शहरांची दुर्दशा सरकारच्याही नजरेत भरू लागली आणि १९७५ साली काव्हाये या उपमंत्र्यांनी आठ मोठ्या शहरांना पत्र धाडून ट्रामचा पुनर्विचार करण्याविषयी सुचविले. त्या आठांत स्ट्रासबूर होते. द्रव्यबळाचीही तरतूद तोवर झालेली होती: ठरावीक संख्येहून अधिक नोकर पदरी असलेल्या मालकांकडून वेतनाच्या प्रमाणात एक खास कर वसूल करावा आणि तो त्या शहराच्या सार्वजनिक वाहतुकीवरच खर्च करावा, असा कायदा पॅरिससाठी १९७१ साली आणि प्रांतांतील मोठ्या शहरांसाठी १९७३ साली झाला होता. फ्रान्समधील ट्रामच्या पुनरुज्जीवनाची कथा सांगणारे लेखक सुंदर डब्यांचे आणि हिरवळीत बसविलेल्या रुळांचे वर्णन रसिकतेने करतात, पण या रूक्ष कराचा उल्लेख अनेकदा विसरतात. वस्तुतः त्याच्यावाचून यातले फारच थोडे घडले असते.

पत्र आले खरे, पण स्ट्रासबूरने त्याचा मान राखला नाही. एके काळी अल्पकाळ फ्रान्सचे पंतप्रधान राहिलेले आणि १९५९ पासून चोवीस वर्षे या नगरीचे महापौर असलेले पिएर फ्लिमलिन यांच्यानंतर १९८३ साली मार्सेल रुदलॉफ महापौर झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत नगरपित्यांचे मन ‘वाल’ नावाच्या नव्या यंत्रवाहनावर बसले. त्याच वर्षी लील शहरात सुरू झालेली ही छोटेखानी भुयारी रेल्वे रबरी चाकांवर, आणि विशेष म्हणजे चालकावाचून, धावत असे. फ्रेंच अभियांत्रिकीचे ते एक भूषणच होते, आणि ज्या शहराला युरोपच्या राजधानीचा मान मिरवावयाचा होता त्याला असे भूषण हवेसे वाटावे यात काही वावगे नाही. परंतु वालच्या लोकप्रियतेचे खरे कारण तिच्या रबरी चाकांत नव्हते. शहराच्या मध्यभागातील दुकानदारांचा असा पक्का समज होता की गिऱ्हाईक येते ते मोटारीतून, आणि मोटार दुकानापासून चार पावलांवर उभी करता आली नाही तर ते वाट बदलून उपनगरातील बाजारपेठेत जाते. वाल जमिनीच्या पोटातून जाणार असल्याने त्यांच्या दारातल्या रस्त्याला धक्का लागणार नव्हता. जे काही बदलावयाचे ते दृष्टीआड बदलणार होते. राजकारणी माणसाला यापेक्षा सोयीची योजना दुसरी कोणती असणार? नवे काही दिल्याचे श्रेय मिळते आणि जुने कोणाचे काढून घेतल्याचा दोष लागत नाही. मोबदल्यात खर्च तेवढा अवाढव्य येतो, आणि तो पुढल्या पिढीच्या जमाखर्चात मांडता येतो.

या योजनेविरुद्ध उभ्या राहिल्या त्या समाजवादी पक्षाच्या कातरिन त्रोतमान. वय अडतीस, शिक्षण धर्मशास्त्राचे, जन्म त्याच शहरातला. त्यांच्या प्रतिपादनाचा एक भाग शुद्ध व्यापारी हिशेबाचा होता: ज्या रकमेत भुयारी मार्गाचा एक किलोमीटर होतो तिच्यात रस्त्यावरच्या ट्रामचे कितीतरी अधिक किलोमीटर होतात, आणि म्हणून वाल शहराच्या एका पट्ट्यालाच पोचेल तर ट्राम दूरच्या कष्टकरी वस्त्यांपर्यंत जाऊ शकेल. दुसरा भाग अधिक धाडसाचा होता. ट्राम रस्त्याची जागा खाते हा तिचा दोष म्हणून सांगितला जात असे. त्रोतमान आणि त्यांचे सहकारी तोच तिचा गुण म्हणून सांगू लागले. शहराच्या काळजातून आरपार जाणाऱ्या मोटारींपैकी पुष्कळांना तेथे काही कामच नसते, ती त्यांची केवळ जवळची वाट असते. अशा वाहनांसाठी मध्ययुगीन चौक आणि गल्ल्या का राखून ठेवाव्यात, असा त्यांचा सवाल होता. या सवालाला होय किंवा नाही असे उत्तर देता येत होते, आणि निवडणुकीला असाच प्रश्न मानवतो.

येथे फ्रान्समधील नगरकारभाराची घडण थोडी समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावाचून एका वाहतूकयोजनेवर निवडणूक फिरावी याचा उलगडा आपल्याला होणार नाही. तेथे नगरपरिषदेची मुदत सहा वर्षांची असते, आणि मतदान एकेका उमेदवाराला नव्हे तर पूर्ण यादीला होते. जी यादी पहिली येते तिला निम्म्या जागा प्रथम बहाल केल्या जातात आणि उरलेल्या निम्म्या मतांच्या प्रमाणात सर्वांत वाटल्या जातात, त्यामुळे विजयी पक्षाला कारभारासाठी भक्कम बहुमत मिळते. आणि त्या यादीच्या शिरोभागी असलेली व्यक्ती महापौर होऊन सहा वर्षे शहराचा कारभार प्रत्यक्ष हाकते. शिवाय स्ट्रासबूर आणि भोवतालच्या गावांचा मिळून एक नगरसंघ १९६० नंतरच्या दशकातच स्थापन झालेला होता, वाहतुकीचा अधिकार त्याच्याकडे होता आणि त्याचे अध्यक्षपदही त्रोतमान यांच्याकडेच आले. आपल्या महाराष्ट्रात महापौर हा बव्हंशी मानाचा धनी असून कारभाराची सूत्रे राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती असतात. मुंबई-पुण्याच्या मेट्रो तर राज्याचे प्राधिकरण किंवा केंद्र आणि राज्य यांची संयुक्त कंपनी बांधते. त्यामुळे महानगरपालिकेच्या निवडणुकीत मेट्रोचे चित्र प्रत्येक फलकावर झळकत असले तरी ती मंजूर वा नामंजूर करण्याची लेखणी ज्याला मत मागण्याचा अधिकार आहे त्या नगरसेवकाच्या हाती नसते. स्ट्रासबूरमध्ये मत देणारा, मत मागणारा आणि ठरावावर सही करणारा यांच्यामधले अंतर फार थोडे होते. रस्त्याचा प्रश्न मतपेटीपर्यंत येऊन पोचला तो यामुळेच.

त्रोतमान निवडून आल्या. लाखाहून अधिक वस्तीच्या फ्रेंच शहराची महापौर झालेली ती पहिली स्त्री. या विजयाचे सारे श्रेय ट्रामच्या पदरात टाकणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. एका पक्षाच्या दीर्घ अंमलाचा कंटाळा अशा वेळी नेहमीच हातभार लावतो. ट्रामने एवढे केले की सत्तापालटाला दृश्य असा आशय दिला.

यापुढची सहा वर्षे म्हणजे दोन पंचांगांची शर्यत होती. एक पंचांग निवडणुकीचे, दुसरे बांधकामाचे. ट्रामचा मार्ग आखावयाचा, त्यावर कायद्याप्रमाणे सार्वजनिक चौकशी बसवावयाची, नागरिकांच्या हरकती नोंदवहीत लिहून घ्यावयाच्या, त्या विचारात घेऊन काम लोकोपयोगी असल्याची सरकारी घोषणा मिळवावयाची, आणि एवढे सोपस्कार उरकल्यावर कोठे पहिली कुदळ पडावयाची. ही कुदळसुद्धा रुळांसाठी पडत नाही. जड डबे ज्या पट्टीवरून जाणार तिच्याखाली दुरुस्तीसाठी खणावे लागेल असे काहीही ठेवता येत नाही. म्हणून पाण्याचे नळ, सांडपाण्याची गटारे, गॅसच्या नळ्या, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा आधी बाजूला हलवाव्या लागतात. त्या कोणत्या सालात, कोणत्या खोलीवर, कोणी पुरल्या याचे जुने कागद दप्तरात नेहमी सापडतातच असे नाही, आणि सापडले तरी जमिनीशी जुळतातच असे नाही. प्रवाशाच्या दृष्टीने हा सर्वांत निराशेचा काळ असतो: रस्ता फुटलेला, धूळ उडते आहे, दुकानासमोर फळ्या टाकलेल्या आहेत, आणि ट्रामचे तर नखही दिसत नाही. ज्या महापौराच्या मुदतीचा शेवट या टप्प्यावर येतो त्याने पुढील निवडणुकीची आशा सोडावी हे बरे.

स्ट्रासबूरच्या नगरपित्यांनी हे ओळखून दोन गोष्टी केल्या. कामामुळे ज्यांचा धंदा खरोखर बसला अशा दुकानदारांचे दावे तपासून नुकसानभरपाई देण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले. आणि ट्राम येण्याची वाट न पाहता, १९९२ च्या फेब्रुवारीत शहराच्या मध्यभागातून आरपार जाणारी मोटारवाहतूकच बंद केली. क्लेबेर चौक हा त्या नगरीचा मुख्य चौक. नेपोलियनच्या काळात कैरो येथे मारल्या गेलेल्या क्लेबेर नावाच्या स्थानिक सेनापतीचा पुतळा तेथे उभा आहे, आणि त्या पुतळ्याखाली त्याच्या अस्थी आहेत. या वीरपुरुषाला वळसा घालून दररोज सुमारे ५०,००० मोटारी जात असत. त्या थांबल्या. केंद्रात मोटारीने येता येत असे, पण आलेल्या बाजूनेच परत फिरावे लागे; पलीकडे निघून जाण्याची सोय उरली नाही. बरीचशी वाहने बाहेरच्या रस्त्यांवर गेली, तिकडच्या रहिवाशांनी तक्रारीही केल्या, आणि त्या सर्वच निराधार होत्या असे मला वाटत नाही. परंतु मध्यवस्तीतील माणसाला चौकाचा नवा अनुभव ट्राम येण्याच्या दोन वर्षे आधीच मिळाला.

ट्रामचा पहिला मार्ग १९९४ च्या नोव्हेंबरात खुला झाला. पश्चिमेकडील ओतपिएर या उंच इमारतींच्या वसाहतीपासून मध्यवस्तीतून दक्षिणेकडे जाणारा हा मार्ग सुमारे दहा किलोमीटरांचा होता. रेल्वे स्थानकाखाली तेवढा त्याला भुयारातून जावे लागे. रूळ टाकताना नुसती रुळांची पट्टी न बांधता एका बाजूच्या घरांच्या भिंतीपासून समोरच्या घरांच्या भिंतीपर्यंत अवघा रस्ता नव्याने घडविण्यात आला: पदपथ रुंद झाले, झाडे लागली, सायकलींना वाट मिळाली, कित्येक ठिकाणी रुळांच्या मधोमध हिरवळ पेरली गेली. डबेही मुद्दाम निराळे घडविलेले होते. त्यांची तावदाने जवळजवळ गुडघ्यापर्यंत खाली आलेली आणि जमीन इतकी सखल, की म्हातारी बाई बाजाराची पिशवी घेऊन किंवा आई बाबागाडी ढकलीत पायरी न चढता सरळ आत जाई. शहराच्या वेशीवर मोटारी उभ्या करण्यासाठी आवारे केली, आणि तेथील शुल्कातच गाडीतील सर्वांचे ट्रामचे जाण्या-येण्याचे तिकीट समाविष्ट केले; म्हणजे मोटारवाल्याला नुसती बंदी न घालता त्याला परवडणारा सौदाही पुढे केला. पुढल्या वर्षी जूनमध्ये निवडणूक आली तेव्हा मतदारांनी नकाशाऐवजी सात महिने वापरलेली गोष्ट पाहून मत दिले, आणि त्रोतमान पहिल्याच फेरीत पुन्हा निवडून आल्या.

दैव सर्वांनाच असे अनुकूल नव्हते. अटलांटिकच्या बाजूच्या नांत शहराचे नाव मंत्र्यांच्या त्या आठ शहरांच्या यादीत नव्हते, तरीही १९७७ साली निवडून आलेले महापौर आलँ शेनार यांनी फ्रान्समधील नव्या युगाची पहिली ट्राम बांधावयास घेतली. १९८३ ची निवडणूक आली तेव्हा शहर खणलेले होते. शेनार पराभूत झाले, आणि ट्रामचे विरोधक मिशेल शोती महापौर झाले. पण काम इतके पुढे गेलेले होते की ते मोडणे पुरे करण्याहून महाग पडले असते. १९८५ च्या जानेवारीत ती ट्राम सुरू झाली. ज्याने झाड लावले तो घराबाहेर आणि ज्याने ते तोडावयाचे म्हटले तो फळांचा मालक, असा तो प्रसंग होता. पुढे १९८९ साली निवडून आलेल्या ज्याँ-मार्क एरो यांनी ट्रामचा दुसरा मार्ग करताना, एर्द्र नदी बुजवून तयार झालेला आणि जर्मनांनी १९४१ साली गोळ्या घातलेल्या ओलिसांचे नाव धारण करणारा प्रशस्त राजमार्ग मोटारींसाठी अरुंद करून पादचाऱ्यांसाठी रुंद केला. हे एरो नंतर फ्रान्सचे पंतप्रधानही झाले.

या कथेत डावे ट्रामच्या बाजूचे आणि उजवे मोटारीच्या बाजूचे, अशी सरळ वाटणी करण्याचा मोह होतो, पण ती टिकत नाही. ग्रनोब्ल येथे १९८३ साली समाजवादी महापौरांना हरवून आलेले उजव्या पक्षाचे आलँ कारिन्यों यांनी ट्रामचा प्रश्न त्याच वर्षी जूनमध्ये सार्वमताला टाकला. मतदानाला निम्म्याहून कमी लोक आले, आलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्क्यांनी होकार दिला, आणि कारिन्यों यांनी तो कौल शिरोधार्य मानून १९८७ साली ट्राम सुरू केली. अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरल्यामुळे तिचे डबे सखल करण्यात आले. बोर्दो येथे आलँ ज्युपे हे उजव्या पक्षाचे पुढारी १९९५ साली महापौर झाले आणि भुयारी वालचा जुना बेत मागे पडल्यावर तेथे ट्राम आणणारे तेच. उलट रेन शहरात समाजवादी महापौर एदमों एर्वे यांनी १९८९ साली, म्हणजे स्ट्रासबूर वाल नाकारीत असताना, वालच पसंत केली आणि २००२ साली ती धावूही लागली. पक्षापेक्षा शहराच्या रस्त्यांची रुंदी, दुकानदारांचे वजन आणि महापौराच्या मुदतीतले उरलेले महिने यांचा प्रभाव अधिक पडतो, असेच या उदाहरणांवरून म्हणावे लागते.

नांतला रूळ पडलेले होते म्हणून ट्राम वाचली. जेथे योजना कागदावरच असते तेथे निवडणूक ती पुसून टाकू शकते. कॅनडाच्या राजधानीत, ओटावा येथे, हलक्या रेल्वेचे कंत्राट सही होऊन गेल्यावर २००६ च्या नोव्हेंबरात निवडणूक झाली, महापौर बदलले, डिसेंबरात परिषदेने कंत्राट रद्द केले, आणि कंत्राटदारांनी लावलेला दावा मिटविताना नगरीला साडेतीन कोटींहून अधिक डॉलर मोजावे लागले. त्याच देशातील टोरोंटो शहरात महापौर डेव्हिड मिलर यांनी २००७ साली सात मार्गांच्या हलक्या रेल्वेची विशाल योजना जाहीर केली होती. २०१० साली निवडून आलेले रॉब फोर्ड यांनी १ डिसेंबरला अधिकारपदाची सूत्रे हाती घेतली त्याच दिवशी ती संपल्याचे घोषित केले. मोटारीविरुद्धचे युद्ध संपले, असे ते म्हणत. जार्विस रस्त्यावर नुकत्याच आखलेल्या सायकलींच्या पट्ट्याही पुढे पुसण्यात आल्या. फोर्ड यांची थट्टा करणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी ती केली. परंतु त्यांना भरभरून मते देणारा उपनगरातला माणूस मूर्ख नव्हता. त्याच्या घरापासून बस दूर, काम त्याहून दूर, मोटार ही त्याची चैन नसून गरज. आणि सेंट क्लेअर रस्त्यावर ट्रामसाठी राखीव पट्टी बांधताना झालेली दिरंगाई आणि वाढलेला खर्च त्याने वर्षानुवर्षे वाचला होता. जमिनीखालची रेल्वे मिळेल, रस्ताही जाणार नाही, असे कोणी सांगितले तर त्याने ते का नाकारावे? नगरपरिषदेने २०१२ साली फोर्ड यांना डावलून योजनेचा काही भाग पुन्हा जिवंत केला, तरी मधला काळ फुकट गेला तो गेलाच.

स्ट्रासबूरकडे परत वळले तर तेथील पुढचा इतिहास ट्रामच्या भक्तांना थोडा गोंधळात टाकणारा आहे. २००१ साली त्रोतमान हरल्या. ट्राम लोकप्रिय होती, तिचे नवे फाटे निघाले होते, देशोदेशींचे नगररचनाकार ती पाहावयास येत होते. पण मधल्या काळात त्या केंद्रात मंत्रिपदावर जाऊन आल्या होत्या, डाव्या गटात बंडखोरी झाली होती, आणि मतदाराने ट्रामबद्दलची कृतज्ञता मतपत्रिकेवर उतरविण्याची गरज मानली नाही. त्यांच्या जागी आलेल्या उजव्या पक्षाच्या फाबियेन केलेर यांनी मात्र रुळांना हात लावला नाही. उलट २००७ साली नॉयहोफसारख्या गरीब वस्तीपर्यंत ट्राम त्यांच्याच कारकिर्दीत गेली. २००८ साली सत्ता पुन्हा डाव्यांकडे, रोलाँ रीस यांच्याकडे, आली आणि २०१७ साली ट्रामने ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतील केल हे गाव गाठले. एके काळी ज्या प्रश्नावर सत्ता उलथली तो दोन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यांत समाईक होऊन बसला. आता भांडण होते ते कोणत्या उपनगराला फाटा आधी द्यावा याचे. आणि ज्या अरुंद रस्त्यावरून तो जाणार तेथील दुकानदार आणि मोटारवाले हरकतींच्या नोंदवहीत जे लिहितात, ते १९८९ साली क्लेबेर चौकाभोवतालच्या दुकानदारांनी मांडलेल्या म्हणण्याहून फारसे निराळे नसते.